नोट आधी वाचायची, मग विकत घ्यायची

प्रश्न थोडक्यात असा. आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत दोन जुन्या नोटा सापडल्या. एक ‘जपान सरकार’ असं इंग्रजीत छापलेली पाच रुपयांची, दुसरी लालसर चिनी, इंग्रजी बाजूला ‘बँक ऑफ कम्युनिकेशन्स’, दहा युआन, शांघाय आणि १९१४ साल. त्या पाहून नातवाला नाद लागला आणि त्याने ऑनलाइन तिसरी घेतली: पिवळीधमक, दाढीवाल्या चिनी राजाची, आकड्यापुढे शून्यांची रांग. विचारणा अशी की यांची किंमत किती, आणि पूर्व आशियातल्या नोटा जमवायच्या तर सुरुवात कुठून करायची.

तिसरीपासून सुरू करतो, कारण ती लवकर आटोपते. ती चलनी नोट नाहीच. चिनी लोक पितरांसाठी जाळतात तो कागद आहे. आपण पितृपक्षात पान वाढतो, तसे ते मेलेल्या माणसाला परलोकात खर्चायला पैसे धाडतात. चित्रातला राजा म्हणजे स्वर्गाचा जेड सम्राट, आणि इंग्रजीत ‘हेल बँक नोट’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं. सिंगापूर-मलेशियात पूजासाहित्याच्या दुकानात याच्या गड्ड्याच्या गड्ड्या मिळतात. आपल्याकडच्या प्रदर्शनांत हीच ‘जुनी चिनी नोट’ म्हणून खपवली जाते. विकणाऱ्यालाही कित्येकदा ठाऊक नसतं, त्यामुळे त्याला फार शिव्या देऊ नका. याच माळेतले आणखी दोन मणी सांगून ठेवतो. चीनमध्ये १९५५ पासून १९९३ पर्यंत धान्याची कुपनं चालत. ती छोटी आणि सुबक असतात, वर आकडाही असतो, पण ते रेशन आहे, पैसा नव्हे. दुसरा मणी म्हणजे बँकेतल्या कारकुनांना नोटा मोजण्याचा सराव करायला छापलेले कागद. दोन्ही जमवायला मजेदार आहेत, फक्त नोटेचा भाव देऊन घेऊ नका.

आता आजोबांच्या नोटा. पाच रुपयांच्या नोटेवर ठळक अक्षरांची जोडी असेल, त्यातलं पहिलं अक्षर इंग्रजी ‘बी’. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने आग्नेय आशियातले जे प्रदेश घेतले तिथे तिथल्याच चलनाच्या नावाने नोटा काढल्या: बर्मात रुपये, मलायात डॉलर, फिलिपिन्समध्ये पेसो, डच इंडीजमध्ये आधी गिल्डर. पहिलं अक्षर प्रदेश सांगतं. बर्मासाठी ‘बी’, मलायासाठी ‘एम’, फिलिपिन्ससाठी ‘पी’, डच इंडीजसाठी ‘एस’. या पैशामागे ना सोनं ना चांदी. दुकानदाराने तो घ्यायचा, कारण समोर बंदूक. मलायात दहा डॉलरच्या नोटेवर केळीचं झाड होतं, म्हणून लोक अख्ख्या मालिकेलाच ‘केळी नोटा’ म्हणू लागले. इंग्रज परतले आणि हा सगळा कागद एका दिवसात रद्दी झाला. मग सैनिकांनी आठवण म्हणून खिशात टाकला. बर्मा आघाडीवरून परतलेल्या शिपायांच्या घरांत, पुण्या-साताऱ्यापासून पंजाबपर्यंत, म्हणूनच तो आजही निघतो. बाजारात शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. पण तुमच्या नोटेला तो हिशोब लावू नका. तिला पत्ता आहे, ती तुमच्या आजोबांची आहे.

लाल नोट खरी गंमतीची आहे. तिच्यावरचं १९१४ साल पाहून ती पहिल्या महायुद्धाच्या वेळची, असं तुम्ही धरून चालला असाल. तसं नसतं. अमेरिकन बँक नोट कंपनीने ती प्लेट १९१४ च्या तारखेने कोरली आणि पुढे कित्येक वर्षं त्याच तारखेने नोटा छापल्या गेल्या. सही, क्रमांकाचा रंग आणि शहराचं नाव पाहून खरा काळ ठरवावा लागतो. शहराच्या नावाला तर फारच महत्त्व. तेव्हाच्या चिनी बँका शाखेच्या नावाने नोट काढत. शांघायची नोट शांघायलाच पूर्ण किमतीत वटायची, दुसऱ्या गावी नेली तर बट्टा कापला जायचा. आपल्या हुंडीच्या व्यवहाराशी हे पुष्कळसं जुळतं. संग्राहक म्हणूनच शहरांवर जमवतात. शांघाय सगळ्यात सोपं, त्यामुळे तुमची नोट दुर्मीळ नाही. तेच चित्र एखाद्या दुर्मीळ शाखेच्या नावाचं असतं तर मी आज वेगळ्या सुरात लिहीत असतो.

मग ती आजोबांकडे कशी आली? युद्धात जपान्यांनी बर्मा रस्ता तोडल्यावर चीनला लागणारं सामान आसामच्या विमानतळांवरून हिमालयाची टोकं ओलांडून कुनमिंगला जायचं. त्या विमानांत बंदुका आणि पेट्रोल जितकं जायचं, तशाच नोटांच्या पेट्याही जायच्या, कारण चीनला स्वतःचं चलन परदेशात छापून घ्यावं लागत होतं आणि महागाई इतकी की कागद कधी पुरेच ना. शिवाय आजच्या झारखंडातल्या रामगढला चिनी फौजांचं प्रशिक्षण केंद्र होतं. आजोबा त्या बाजूला कुठे होते का, ते शोधा.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो, जमवायला सुरुवात कुठून करावी. मी वीसेक वर्षं हा उद्योग करतोय. जुन्या बाजारात चटईवर मांडलेल्या पितळी अडकित्त्यांमधून पहिली नोट उचलली होती. माझं म्हणणं एकच आहे: नोट आधी वाचायला शिका. वय आणि शून्यं दोन्ही फसवी असतात. १९४९ साली शिनच्यांग प्रांताच्या बँकेने ६ अब्ज युआनची नोट काढली. तिच्यावरच लिहिलेलं आहे की तिची किंमत १०,००० सुवर्ण युआन. आणि तो सुवर्ण युआनही तेव्हा कोसळत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये ३० लाख जुने युआन देऊन एक सुवर्ण युआन मिळे, वर्षभराच्या आत तोही गेला. या काळातल्या मोठ्या आकड्यांच्या कितीतरी नोटा आज किरकोळीत मिळतात. उलट दक्षिण कोरियाची एक साधी १०० ह्वानची नोट आहे. आई आणि मूल पासबुक घेऊन बसलेत, एवढंच चित्र. ती १६ मे १९६२ ला आली आणि १० जूनला चलन बदललं, म्हणजे जेमतेम पंचवीस दिवस जगली. तिच्यासाठी लोक रांग लावतात. किती छापल्या याला अर्थ नाही. किती उरल्या आणि का उरल्या, हे पाहायचं.

वाचायला चिनी भाषा यावी लागत नाही. तीसेक अक्षरं ओळखता आली की काम भागतं. पहिली गोष्ट, जुन्या नोटांवरची आडवी ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची. दुसरी, आकडे. साध्या चिनी लिपीत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. एका रेघेला दोन करायला कितीसा वेळ लागतो? म्हणून नोटांवर आकड्यांची भरगच्च, गुंतागुंतीची रूपं वापरतात. आपण चेकवर रकमेपुढे ‘फक्त’ लिहितो, त्यातलाच प्रकार. हे दहा-बारा आकडे वहीत गिरवून काढा, एका रविवारचं काम आहे. तिसरी गोष्ट साल. चिनी प्रजासत्ताकाच्या वर्षात १९११ मिळवायचे: २५ वं वर्ष म्हणजे १९३६. जपानी नोटेवर सम्राटाच्या राजवटीचं नाव आणि तिचं वर्ष असतं: शोवा असेल तर १९२५ मिळवा, मेइजी असेल तर १८६७. तैशो असेल तर पुन्हा १९११, कारण तैशो राजवट आणि चिनी प्रजासत्ताक दोन्ही १९१२ चीच. माझ्या पाकिटात ही तीन-चार गणितं लिहिलेली चिठ्ठी अजून असते.

या सगळ्यात माझा जीव कुठे अडकला असेल तर जपानच्या एका नोटेत. बँक ऑफ जपान १८८२ मध्ये स्थापन झाली आणि १८८५ ला तिने पहिल्या नोटा काढल्या. त्यांवर दाइकोकुतेन बसलेला आहे: गुबगुबीत गाल, डोक्यावर मऊ टोपी, हातात हातोडा, खांद्यावर झोळी, बूड तांदळाच्या पोत्यांवर. हा कोण? आपला महाकाल! बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेला, वाटेत स्वयंपाकघराचा रक्षक झाला आणि तिथे पोचेपर्यंत उग्र रूप गळून धनधान्याचा हसरा देव होऊन बसला. आपल्याकडे महाकाल म्हटलं की उज्जैनची भस्मारती डोळ्यांपुढे येते. त्याच नावाचा देव जपानच्या मध्यवर्ती बँकेच्या पहिल्या नोटेवर पोत्यावर बसून हसतोय, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी भिंग बाजूला ठेवून नुसता बघत राहिलो होतो.

तो कोरला इटलीच्या एदोआर्दो किओसोने याने. हा फ्रँकफुर्टच्या छापखान्यात काम करत होता. जपानच्या १८७२ च्या नोटा तिथेच छापल्या गेल्या. १८७५ ला तो तोक्योला गेला आणि १८९८ मध्ये तिथेच वारला. जपानी नोटेवरचा पहिला चेहरा त्यानेच कोरला, पुराणातल्या सम्राज्ञी जिंगूचा. आणि ती बाई चक्क युरोपियन दिसते. दाइकोकुवर मात्र त्याचा हात बसला होता. भिंगाखाली गालाची गोलाई नुसत्या रेघांनी उभी केलेली दिसते. रेघ फुगते, बारीक होते, मग ठिपक्यांत विरते. मऊ ब्रशने काढल्यासारखा हा गाल धातूवर पोलादी टोकाने खणलेला आहे.

नोट मात्र फसली. कागद मजबूत व्हावा म्हणून त्यात कोन्याकू या कंदाचं पीठ घातलं होतं. उंदीर आणि किड्यांना ते आवडलं. देव अन्नधान्याचा, मग उंदरांनी प्रसाद मानला तर नवल काय. शिवाय शाईत शिशाचा पांढरा रंग होता. जपानी माणसाला गरम पाण्याच्या कुंडांवर नहायला जायची हौस, आणि तिथल्या गंधकाच्या वाफेने नोट काळी पडायची. थोड्याच वर्षांत नवी मालिका काढावी लागली. दाइकोकुची एक येनची नोट कायद्याने जपानमध्ये अजूनही एक येनला चालते. अर्थात ती तशी खर्चणारा वेडा मला अजून भेटलेला नाही. नवशिक्याने ही विकत घेऊ नये, चांगल्या अवस्थेत महाग आहे. पण दाइकोकु आणि त्याचा जोडीदार एबिसु दोघेही स्वस्तात भेटतात, ते हान्सात्सुवर, म्हणजे जपानी संस्थानांच्या नोटांवर. १८७१ ला जपानची सरंजामी संस्थानं बरखास्त झाली. त्याआधी शेकडो संस्थानं स्वतःच्या नोटा काढत. बोटभर रुंद, वीतभर उभी पट्टी, जाड हातकागद, लाकडी ठशाची छपाई, वर देवाचं चित्र, खाली शिक्के. साध्या हान्सात्सु आजही काही शे रुपयांत येतात. दीडशे-दोनशे वर्षांचा कागद बोटांत धरायला मिळतो. सुरुवातीला मी हेच सुचवीन.

चिनी बाजूला सुरुवातीला १९१४ ते १९४८ मधल्या बँकांच्या नोटा घ्या. लंडन आणि न्यूयॉर्कच्या चांगल्या छापखान्यांनी चीनसाठी काम केलं: अमेरिकन बँक नोट, वॉटरलो, डी ला रू, ब्रॅडबरी विल्किन्सन. शांघायच्या चुंग ह्वा कंपनीनेही केलं. एकाच बँकेची एकाच किमतीची नोट तीन छापखान्यांची शेजारी ठेवून बघा, हाताचा फरक कळायला लागतो. कस्टम्स गोल्ड युनिटच्या, म्हणजे मुळात जकात भरण्यासाठी काढलेल्या चिनी चलनाच्या, उभ्या नोटाही देखण्या. पुढे चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत-सेन, मागे शांघायची कस्टम्सची इमारत, आणि रंग असे की संक्रांतीच्या पतंगांचा ढीग वाटावा. यांच्यावरही १९३० साल आहे, पण लोकांच्या हातात त्या १९४२ ला आल्या, एक युनिट म्हणजे वीस युआन या दराने.

मांचुकुओ (ईशान्य चीनमधलं जपानचं बाहुलं राज्य), बीजिंग, नानजिंग इथल्या जपानधार्जिण्या बँकांच्या नोटाही सोप्या आहेत. त्यांच्यावर खोदकाम करणाऱ्यांनी केलेल्या खोड्यांच्या गोष्टी विक्रेते रंगवून सांगतात. बीजिंगच्या १९३८ च्या नोटेवरच्या कन्फ्यूशियसने बोटं अश्लील खुणेत जुळवली आहेत, अमुक नोटेच्या वेलबुट्टीत इंग्रजी अक्षरं लपवली आहेत, वगैरे. भिंगातून बघा आणि तुमचं मत बनवा. हाताची ठेवण विचित्र आहे हे मात्र मीही म्हणेन.

१९४८ नंतरच्या लोकचीनच्या, म्हणजे कम्युनिस्ट चीनच्या, नोटांपासून पहिली काही वर्षं लांब राहा. १ डिसेंबर १९४८ ला पहिली मालिका सुरू झाली. १२ किमती, एकूण ६२ प्रकार, सर्वांत मोठी ५०,००० युआनची. १९५५ ला दहा हजाराला एक या दराने ती बदलून घेतली गेली, त्यामुळे उरलेल्या नोटांना, विशेषतः मंगोल आणि उइगुर मजकूर असलेल्यांना, चीनमध्येच प्रचंड मागणी आहे. मागणी तिथे नकला. मला याचा चटका बसलेला आहे. दुसऱ्या मालिकेतली १० युआनची मोठी काळी नोट चिनी संग्राहकांची लाडकी. शेतकरी आणि कामगार असलेली ती नोट सोव्हिएत रशियात छापली गेली. दोन्ही देशांचं बिनसल्यावर १९६४ ला एका महिन्याच्या मुदतीत परत मागवली गेली. एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने ती मला ‘घरातलीच आहे साहेब’ म्हणून दाखवली. घडी पडलेली, कडा मळलेल्या, चहाच्या रंगाची. मी घासाघीस करून घेतली आणि स्वतःवर खूश होऊन घरी आलो. रात्री दिवा बंद करून अतिनील टॉर्च मारला तर आख्खा कागद निळापांढरा पेटला. धुण्याच्या पावडरीत कपडे उजळवणारं जे रसायन असतं, तेच आजच्या कागदातही असतं. जुन्या कागदात ते नव्हतंच. दुसऱ्या दिवशी उन्हात धरली तेव्हा दिसलं की राजमुद्रेचा जलछाप कागदात नव्हता, फिक्या शाईने मागून छापलेला होता. आदल्या दिवशी माझ्या खिशात टॉर्च होता. काढायला लाज वाटली, इतकंच.

तर टॉर्च काढायचा, लाजायचं नाही. विक्रेत्याला राग आला तर ती नोट तुमची नव्हे. त्याबरोबर दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवा. खोदीव छपाईत रेघ अखंड असते आणि शाई कागदावर किंचित उभी राहते, नखाला जाणवते. घरगुती प्रिंटरवरच्या नकलेत त्याच रेघेचे रंगीत ठिपके होतात. फक्त टॉर्चवर विसंबू नका, हुशार नकलाकार आता रसायन नसलेला कागद शोधून आणतात. आणि पेटीबंद, म्हणजे एखाद्या कंपनीने तपासून, अवस्थेचे गुण देऊन प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेली नोट घेत असाल तर पेटीवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो आणि हातातली नोट ताडून पाहा. पेट्याही नकली निघतात.

अवस्थेबद्दल फार पाल्हाळ लावत नाही. आपल्याकडे ज्याला-त्याला ‘यूएनसी’ (अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेली कोरी नोट) म्हणायची खोड आहे. दिव्याखाली नोट आडवी तिरपी करा. मधोमध घडीची रेघ चमकली तर ती यूएनसी नाही, विषय संपला. घडी मोडलेली नोट इस्त्री करून विकतात. तिच्या रेघांचा उठाव दबलेला असतो, बोट सपाट फिरतं. टाचणीची भोकं आपल्याकडच्या बँकांनी बंडलं शिवल्यामुळे भारतीय नोटांत माफ असतात, चिनी-जपानी नोटेत माफ करू नका.

जपणुकीचं मात्र मनावर घ्या, विशेषतः मुंबई-कोकणात राहत असाल तर. लॅमिनेशन करू नका. हे मी वर्षातून किमान चार जणांना सांगतो आणि त्यातल्या दोघांनी तोवर करून टाकलेलं असतं. चिकटपट्टी नको, इस्त्री नको, खोडरबर नको. स्टेशनरीच्या दुकानातले वास येणारे मऊ प्लास्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात. काही वर्षांनी ते चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. पॉलिएस्टरची कडक पाकिटं घ्या. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि गणपती बसायच्या आधी एकदा डबा उघडून तपासा. कसर लागली असेल तर तेव्हाच कळते.

तुमच्या दोन्ही नोटांचं मी काय केलं असतं? विकल्या नसत्या. प्रत्येकीला स्वतंत्र पाकीट, आणि सोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: आजोबांचं नाव, फौजेत असतील तर पलटण, कुठल्या साली कुठे होते, ट्रंक कोणी उघडली. चिठ्ठी पाकिटात नाही, पाकिटाच्या मागे. ट्रंकेत त्यांचं सर्व्हिस बुक किंवा डिस्चार्जचा कागद असेल तर तो आधी बाहेर काढा. आई किंवा मामा अजून सांगू शकत असतील तर या आठवड्यातच विचारा. आणि लाल नोटेवरच्या क्रमांकाचा आणि खालच्या दोन सह्यांचा स्वच्छ फोटो काढा, बाहेरच्या उजेडात, फ्लॅश न लावता. त्या दिसल्या की नोट साधारण केव्हा छापली गेली ते मी सांगेन.